न जाणण्याची नोंद

पाव फुगविणारे यीस्ट आपल्या परिचयाचे आहे. या एकपेशीय जीवाचा संपूर्ण जनुकीय आराखडा १९९६ साली वाचून झाला. केंद्रकयुक्त पेशींच्या सजीवांत हा मान त्याला पहिल्यांदा मिळाला. सोळा गुणसूत्रे, सुमारे सव्वा कोटी अक्षरे आणि सहा हजारांच्या आसपास जनुके! पण अक्षरे वाचता आली म्हणजे अर्थ उमगला, असे थोडेच आहे? कोणते जनुक पेशीत काय करते, हे शोधनिबंध वाचून नोंदविण्याचे संथ काम अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या यीस्ट-जनुककोशात वर्षानुवर्षे होत आले आहे.

हे काम कारकुनी वाटेल. आम्हांस मात्र त्यात साक्षीदाराची जबाबदारी दिसते. प्रत्येक विधानाबरोबर ते कोठून घेतले आणि पुरावा कोणत्या प्रकारचा, हे लिहावे लागते. प्रयोगात प्रत्यक्ष दिसले, जनुक बिघडविल्यावर झालेल्या फरकावरून ताडले, की अन्य जीवातील जनुकाशी साम्य आढळले म्हणून संगणकाने ठरविले? पाहिलेले, ताडलेले आणि ऐकीव यांची सरमिसळ आपण रोजच्या बोलण्यात किती सहज करतो!

त्याहून विचारात पाडते ती आणखी एक खूण. निबंध धुंडाळूनही एखाद्या जनुकाच्या कार्याविषयी काही हाती लागले नाही, तर नोंदकर्ता जागा कोरी सोडीत नाही. ‘शोध घेतला, माहिती उपलब्ध नाही’ अशा अर्थाची नोंद तो तारखेनिशी करतो. कोऱ्या जागेवरून तेथे कोणी पाहिले की नाही, हे कळत नाही. या नोंदीमागे मात्र एका माणसाचे श्रम असतात आणि ते निष्फळ ठरल्याची कबुलीही.

मग अनुमान करूच नये काय? तसे म्हटले तर विज्ञान जागीच थांबेल. लेलंड हार्टवेल यांनी यीस्टमध्ये पेशीविभाजनाची जनुके शोधली, त्यांचे भाऊबंद माणसातही सापडले आणि कर्करोगाच्या अभ्यासाला त्यांचा आधार झाला. २००१ चे नोबेल पारितोषिक ज्या कार्याला मिळाले, त्यात या शोधाचा वाटा होता. साम्यावरून तर्क करणे योग्यच. परंतु एका कोशातील तर्क दुसऱ्या कोशात उतरताना पुराव्याची खूण गळली, की तोच तर्क वस्तुस्थिती म्हणून मिरवू लागतो, आणि त्यावर विसंबलेल्या एखाद्या तरुण संशोधकाची वर्षे वाया जातात. त्याचा दोष कोणाच्या माथी मारावा? पहिल्याने तर्क तर्क म्हणूनच लिहिला होता आणि दुसऱ्याने केवळ उतरवून घेतले होते.

जनुक म्हणून नोंदले गेलेले काही तुकडे प्रत्यक्षात जनुके नसावीत, असे पुढे दिसून आले. ते कोशातून पुसून टाकण्यात आले नाहीत. ‘संशयास्पद’ असा शेरा घेऊन ते आजही आपापल्या जागी आहेत.