घाई कोठे शिरते?

गोल्फ हा खेळ आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी खेळला असेल. आम्हीही स्वतःला खेळाडू म्हणवून घेण्याचे धाडस करणार नाही. एका स्नेह्यांच्या आग्रहाखातर काही सकाळी सरावाच्या मैदानावर गेलो, बादलीभर चेंडू मारले आणि त्यांतले निम्मे चार पावलांवरच घरंगळले, एवढीच आमची कमाई. परंतु त्या सकाळींनी आमच्यापुढे एक प्रश्न टाकला. घाई हा हाताचा दोष आहे की मनाचा? आणि मनाचा असेल, तर ‘सावकाश’ हे त्यावरचे औषध खरोखर आहे काय?

क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या घाईला निमित्त असते. समोरून चेंडू येतो, त्याचा वेग दुसऱ्याने ठरवलेला असतो. गोल्फचा चेंडू मात्र गवतावर स्वस्थ पडलेला असतो. जेमतेम ४६ ग्रॅम वजनाची ती पांढरी गोळी कोणाच्या अंगावर येत नाही, कोणाला पळवत नाही. खेळाडूने वाटेल तेव्हा आरंभ करावा. म्हणजे या खेळात जी काही घाई होते, ती सर्वस्वी आपली स्वतःची असते; तिचे खापर फोडायला दुसरे डोके मिळत नाही. आम्हांला हे फार अवघड वाटले.

फटक्याची क्रिया वरवर पाहता साधी आहे. काठी मागे न्यायची, खांद्यावर चढवायची आणि तेथून फिरवून खाली आणायची. खेळाडू तिला ‘स्विंग’ म्हणतात. आपण झोका म्हणू. सारा झोका एका सेकंदाच्या आसपास आटोपतो, आणि काठीचा चेंडूला होणारा स्पर्श तर सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता टिकतो. त्या क्षणी करण्यासारखे काहीच उरलेले नसते. जे व्हायचे ते आधीच होऊन गेलेले असते.

ते होते वरच्या वळणावर. काठी खांद्यावर पोहोचली, आता ती परतायची, त्या संधीत सारे रहस्य आहे. चांगल्या खेळाडूच्या बाबतीत परतीचा आरंभ हातांनी होत नाही. काठी अजून मागे जात असतानाच त्याची कंबर पुढे वळू लागते. मग खांदे, मग हात, आणि सर्वांत शेवटी काठीचे टोक. चाबूक हाणताना लाट मुठीकडून टोकाकडे धावते, तसे हे आहे. नवशिक्याला मात्र चेंडू दिसत असतो, तो दूर गेलेला बघायचा असतो, आणि म्हणून त्याचे हात आपली पाळी येण्यापूर्वीच खाली झेपावतात. जोर वरच खर्च होतो. काठी चेंडूपाशी येते तेव्हा तिच्यात द्यायला काही शिल्लक नसते.

आमचे स्नेही पाठीमागून ओरडायचे, “अहो, सावकाश!” आम्ही आज्ञाधारकपणे काठी हळूहळू मागे नेऊ लागलो. चेंडू पहिल्यापेक्षाही वाईट जाऊ लागला.

याचे कारण पुढे वाचनात सापडले. अमेरिकेतील जॉन नोव्होसेल यांनी २००४ साली ‘टूर टेम्पो’ या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. नामवंत व्यावसायिकांच्या चित्रफिती त्यांनी एकेक चित्र मोजून पाहिल्या होत्या. एका सेकंदाला ३० चित्रे या हिशेबाने कोणाची काठी मागे जायला २७ चित्रे लागत आणि खाली यायला ९. कोणाची २४ आणि ८. कोणाची २१ आणि ७. एकंदर वेग निरनिराळा, पण प्रमाण तेच: तिनास एक. त्यानंतर थोड्याच काळात येल विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रोबर यांनीही या प्रश्नाचा अभ्यास केला आणि स्प्रिंगच्या आंदोलनाप्रमाणे या झोक्याचा विचार मांडला. दोघांच्याही मोजणीतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. सामान्य हौशी खेळाडू व्यावसायिकापेक्षा काठी मागे नेण्यास कमी नव्हे, अधिक वेळ घेतो. तो रेंगाळत मागे जातो आणि मग चेंडूवर तुटून पडतो.

संगीताच्या भाषेत हे आपल्याला चटकन समजते. विलंबित लय आणि द्रुत लय यांत कोणती अधिक सात्त्विक, असे कोणी विचारत नाही. दोन्ही लयींत गाणारा बेलय होऊ शकतो. १९९४ साली दक्षिण आफ्रिकेच्या एर्नी एल्सने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. त्याचा झोका इतका निवांत दिसे की त्याला टोपणनावच आरामशीरपणावरून पडले. त्याच वर्षी झिम्बाब्वेच्या निक प्राइसने ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकली, आणि त्याचा झोका डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपे. एल्सने प्राइसची लय उसनी घेतली असती किंवा प्राइसने एल्सची, तर बहुधा दोघेही फसले असते. आम्ही लिहिणारी माणसे ‘जरा दमाने घ्या’ हा उपदेश ऊठसूट करत असतो. तो करताना समोरच्याची लय कोणती, हे आम्ही विचारलेले नसते.

मग घाई म्हणजे नेमके काय? येथे आम्हांला अर्नेस्ट जोन्स या इंग्रज शिक्षकाची आठवण होते. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समध्ये त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गमवावा लागला. व्यवसायाने गोल्फ शिकवणाऱ्या माणसाचे आता संपलेच, असे कोणालाही वाटले असते. जोन्स परत येऊन एका पायावर उभे राहिले आणि त्यांनी ८३ फटक्यांत पूर्ण फेरी खेळून दाखवली. शरीराचा आधार गेल्यावरही झोका शिल्लक राहिला, तेव्हा झोका म्हणजे काय याचा शोध घेणे त्यांना भागच होते. पुढे न्यूयॉर्कमध्ये ते शिष्यांना शिकवत, तेव्हा रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधत आणि तो झुलवायला सांगत.

आम्ही घरी चाकूऐवजी किल्ली बांधून हा प्रयोग केला. वाचकांनीही करून पाहावा, खर्च काही नाही. किल्ली मागे जाते, वर चढते, आणि तिचे चढणे पुरे होण्याआधीच हात पुढे ओढला तर रुमाल सैल पडतो व किल्ली भरकटते. काठीने हे कळत नाही, कारण काठी ताठ असते. तिच्यावर जबरदस्ती चालते, निदान चालल्यासारखी दिसते. रुमालाला ओढता येते, ढकलता येत नाही. उलट हात अगदीच मंद ठेवला, तर किल्ली झुलतच नाही, नुसती लोंबते. म्हणजे घाई ही वेगात नसते. दुसऱ्या टोकाला जे बांधलेले आहे त्याचे फिरणे पुरे झाले की नाही, हे न पाहता हात हलवणे, ती घाई.

कोणी म्हणेल, किल्ली-रुमालाच्या या गोष्टीत नीतीचा संबंध कोठे आला? हा आक्षेप आम्ही सहज झटकून टाकणार नाही. हात चुकला तर चेंडू झुडपात जातो, कोणाचे नुकसान होत नाही. पण आमच्या घरात एक गोष्ट घडली, तिच्यामुळे हा प्रश्न आमच्यापुरता खेळाचा राहिलेला नाही.

वडिलोपार्जित वाडीच्या कुंपणावरून आमचे आणि थोरल्या बंधूंचे बिनसले. चार वर्षे आम्ही काही बोललो नाही. चर्चमध्ये सणाच्या मिस्साला भेट होई, मानेनेच विचारपूस होई. या मौनाला आम्ही मनाशी सहनशीलता म्हणत होतो आणि लोकही म्हणत, “किती शांतपणे घेतले यांनी!” मग एका रात्री कोणीतरी काहीतरी कानांवर घातले. आम्ही कागद ओढला आणि चार वर्षांचे सारे चार पानांत लिहून सकाळच्या टपालात टाकले. दादा त्या वेळी स्वतःच भेटायला येण्याच्या विचारात होते, हे पुढे वहिनींकडून कळले. त्यांचे वळण सुरू झाले होते. आम्ही ते पाहिले नाही. आमचे लक्ष फटक्यावर होते.

आजही आम्हांला ठरवता येत नाही की अधिक दोष कशाचा, त्या एका रात्रीचा की चार वर्षांच्या रेंगाळण्याचा. एक रात्र थांबलो असतो तर बरे झाले असते, असे सर्वजण सांगतात. पहिल्याच वर्षी त्यांच्या ओटीवर जाऊन चढ्या आवाजात दोन शब्द बोललो असतो, तर कदाचित त्याहून बरे झाले असते, हे मात्र कोणी सांगत नाही. दादांचा स्वभाव तसा तडकाफडकीचा. त्यांच्या लयीत ते बसले असते.

तिनास एक हे प्रमाण पाठ करून उपयोग नसतो. झोका चालू असताना कोणालाही मोजता येत नाही. म्हणून काही खेळाडू ध्वनिमुद्रित ठोक्यांवर सराव करतात, गायक ठेक्यावर करतो तसा. आम्ही रुमाल आणि किल्ली मेजाच्या खणात ठेवून दिली आहे. दादांना दुसरे पत्र लिहायला घेतले आहे. पहिला परिच्छेद झाला आहे आणि त्यात कुंपणाचा उल्लेख नाही. त्यालाही आता तीन आठवडे होत आले. आमचे मागे जाणे पुन्हा लांबते आहे की काय, अशी शंका येते. रविवारी पत्राऐवजी आम्हीच जावे, असे घरातून सुचवले गेले आहे.