विचारून सांगतो

वडोद्यास बदली झाली की मराठी कुटुंबाला पहिली काळजी घराची. विश्वामित्रीच्या काठचे हे जुने शहर आपल्याला परके नाही; गायकवाडांच्या अमलापासून मराठी माणसे येथे येऊन राहिली आहेत. नदीत मगरी आहेत, आणि २०२४ च्या ऑगस्टात तिचे पाणी घराघरांत शिरले होते, एवढे नव्या माणसाला आधी सांगून ठेवावे. मात्र घर मिळणे हे केवळ भाड्यावर अडत नाही.

१९१७ साली भीमराव आंबेडकर संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यास येथे आले. संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकले होते. महाराजांची मर्जी होती, पण राहण्यास खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास बजावले. हे पुष्कळांना ठाऊक आहे. पुढचा भाग आपल्या मंडळ्यांत फारसा सांगितला जात नाही.

त्यांचे येथे दोन स्नेही होते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. हिंदू स्नेह्याने सांगितले की तुम्ही आलात तर नोकर निघून जातील. दुसरे ख्रिस्ती. त्यांनी पूर्वी आपण होऊन राहावयास बोलावले होते. आता गरज पडली तेव्हा म्हणाले, पत्नी उद्या येणार, तिला विचारावे लागेल. कुटुंब मूळचे ब्राह्मण. पतीचे विचार बदलले होते, पत्नी जुन्या सोवळ्याला धरून होती, हे मागाहून कळले. दुपारी चारला आंबेडकर त्या घरून निघाले, आणि रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, बसून राहिले.

प्रिय वाचकहो, दोघांत अधिक दोष कोणाचा? आम्हांस वाटते, दुसऱ्याचा. पहिल्याने नकार स्वतःच्या तोंडाने दिला; दुसऱ्याने तो घरात नसलेल्या बाईच्या पदरी घातला. कोणी म्हणेल, घरातली शांती राखणे हेही कर्तव्यच. खरे आहे. पण ते बोलणे पाहुणा दारात येण्यापूर्वी, कित्येक वर्षांपूर्वी, कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी व्हावयास हवे होते. उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात अब्राहाम तिघा वाटसरूंना पाहून धावत जातो, मग तंबूत जाऊन सारेला पीठ मळावयास सांगतो. कोण, कुठले, असे तिने विचारल्याचे तेथे लिहिलेले नाही.

आजही खोली पाहावयास आलेल्या ख्रिस्ती बांधवाला ख्रिस्ती घरात गोड शब्दांत विचारतात, “तुम्ही मूळचे कोण?” उत्तर ऐकल्यावर खोली पाहुण्यांसाठी राखलेली निघते. संडे स्कूलच्या मुलांना चांगल्या शोमरोन्याचा दाखला पाठ असतो. दारातले हे बोलणेही त्यांच्या कानी पडत असते.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी बदलीची कुटुंबे येऊ लागतील. ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्या पतिपत्नींनी त्यापूर्वीच एकत्र बसून बोलून घ्यावे, आणि खोलीची माहिती मंडळीच्या सेक्रेटरींकडे देऊन ठेवावी.