पिऊन गाडी चालवणे : पाप नेमके कुठे घडते?



आज पेन्टेकॉस्टचा सण. पहिल्या वाचनात आपण ऐकले की पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला आणि ते निरनिराळ्या भाषांत बोलू लागले. वाचन अकराव्या वचनाशी थांबते. घरी गेल्यावर पवित्र शास्त्र उघडून प्रेषितांच्या कृत्यांतली पुढची चार वचनेही जरूर वाचा. जमावातले काही जण शिष्यांची टिंगल करतात की ही माणसे प्यायलेली आहेत. तेव्हा पेत्र उभा राहून त्यांना सांगतो की अहो, आत्ता कुठे सकाळचे नऊ वाजताहेत, ही माणसे प्यायलेली नाहीत. ख्रिस्तसभेचे पहिलेवहिले प्रवचन असे दारूच्या आरोपाला उत्तर देऊन सुरू झाले. आपल्या सभागृहातल्या एखाद्या लग्नाच्या पार्टीत रात्री अकरा वाजता कुणी हाच आरोप केला, तर पेत्राच्या ठामपणाने उत्तर द्यायला मी पुढे होईन का, असा प्रश्न मला पडतो.

२०२४ साली हा सण १९ मे रोजी आला होता. त्याच रविवारी पहाटे अडीचच्या सुमारास पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका भरधाव महागड्या मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवले. एक तरुण, एक तरुणी. दोघेही मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले. मोटार चालवत होता एक सतरा वर्षांचा मुलगा आणि तो मित्रांबरोबर पार्टी करून परतत होता. आपल्या महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे आणि कडक दारूसाठी २५. त्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले, हे तुम्हा सर्वांना आठवत असेल. देशभर संताप झाला, चेष्टाही झाली.

मला त्या निबंधापेक्षा पुढची गोष्ट जास्त लागली. त्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलून तिथे त्याच्या आईचे रक्त ठेवले, असा आरोप पोलिसांनी ठेवला. दोन डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या आईवडिलांनाही झाली. निवाडा न्यायालयाचा आहे, तो आपण करायचा नाही. पण लेकरासाठी आईने रक्त द्यावे, ही आपल्याकडे प्रेमाची शेवटची पायरी मानतात. त्याच रक्ताने खोटी साक्ष द्यावी, ही कल्पनासुद्धा अंगावर काटा आणते. पाचवी आज्ञा मोडली की ती झाकण्यासाठी आठवी मोडावी लागते.

आता कायद्याबद्दल थोडे. मिस्सानंतर गप्पा मारताना माझ्या लक्षात आले आहे की पुष्कळांना तो ऐकीव माहितीवरच ठाऊक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले की गुन्हा झाला. तुम्ही सरळ चालत होतात की झोकांड्या खात होतात, याचा प्रश्न येत नाही. दोन मोठे पेग पोटात गेले की बहुतेकांची ही मर्यादा ओलांडून झालेली असते. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला दंड दोन हजारांपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो दहा हजार झाला, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर पंधरा हजार, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हेल्मेटची पावती चौकात फाडता येते, तशी याची फाडता येत नाही. न्यायालयात उभे राहावे लागते. "पाचशे दिले आणि सुटलो" असे जो ऐटीत सांगतो, त्याने एका गुन्ह्यात दुसऱ्याची भर घातलेली असते आणि त्या पोलिसालाही पापात ओढलेले असते. यंत्रात फुंकायला नकार दिला म्हणजेही सुटका नाही. तो नकारच न्यायालयात आपल्याविरुद्ध जाऊ शकतो.

आईवडिलांनो, तुमच्यासाठी कलम १९९ अ आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. दहावी पास झाला म्हणून स्कूटरची किल्ली हातात देणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावे.

आणि ज्याचा कुणी कधी उल्लेख करत नाही, ते कलम १८८. पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला जो चिथावणी देतो किंवा मदत करतो, त्यालाही तीच शिक्षा. न्यायालयात ते कुणाकुणाला लागेल हा वकिलांचा विषय. पापनिवेदन ऐकायला बसतो तेव्हा मला मात्र ते फार मोठे कलम वाटते.

"फादर, मला काही आठवतच नाही, मी शुद्धीत नव्हतो." हे वाक्य मी पापनिवेदनाबाहेर, घरभेटींत कितीदा तरी ऐकले आहे. जणू शुद्ध नव्हती म्हणून पापही नव्हते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक मुद्दा मनात बसला तो कायमचा. तो सांगतो की काही ठिकाणी नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा असे. मिटिलीनीच्या पिटॅकसने तसा कायदाच केला होता. कारण साधे आहे. अजाणतेपणाने गुन्हा झाला खरा, पण तो अजाणतेपणा त्या माणसाने स्वतःच ओढवून घेतला. न पिणे त्याच्या हातात होते. संत थॉमस अक्वायनस याच वाटेने आणखी पुढे जातात. नोहा प्यायला तेव्हा द्राक्षारसाचा जोर त्याला ठाऊक नव्हता, म्हणून त्याला ते दोष देत नाहीत. पण आपण नाशिकचे लोक! द्राक्षांचा जिल्हा आपला, वाइनचे कारखाने आपल्या वेशीवर. आपल्यापैकी कुणाला नोहाची सबब सांगता येईल? आपल्या देशाचा फौजदारी कायदाही हेच मानतो. कुणी जबरदस्तीने किंवा फसवून पाजले असेल तर गोष्ट वेगळी, स्वतःहून प्यायलेल्याला नशेची ढाल घेता येत नाही.

मुंबईतल्या कार्टर रोडच्या खटल्यातही प्रश्न हाच होता. १२ नोव्हेंबर २००६, तोही रविवार, तीही पहाट. रस्त्याच्या कामावरचे मजूर फुटपाथवर झोपले होते आणि एक मोटार त्यांच्या अंगावर गेली. सात जण गेले, आठ जखमी झाले. खालच्या न्यायालयाने तो निष्काळजीपणा मानला आणि सहा महिने शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००७ साली तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे दिली आणि २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. पिऊन, वेगात, जिथे माणसे झोपतात हे ठाऊक असलेल्या रस्त्याने जो जातो त्याला परिणामाची जाणीव असतेच, असा त्याचा अर्थ. सात जिवांना तीन वर्षे पुरेशी का, हे मी सांगू शकत नाही.

म्हणजे पाप रस्त्यावर घडत नाही. रस्त्यावर त्याचा परिणाम दिसतो. पाप घडते त्याआधी दोन-तीन तास, टेबलाशी, जेव्हा माणूस पूर्ण शुद्धीत असतो, गाडी बाहेर उभी आहे हे त्याला ठाऊक असते, आणि तो ग्लास पुढे करतो. आणि त्या टेबलाशी तो एकटा नसतो.

इथे मला माझ्याविषयी बोलले पाहिजे. काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एका लग्नाच्या जेवणाला गेलो होतो. साडेदहाला निघालो तर फाटकाशी आमच्या गायनवृंदातला एक तरुण मोटारसायकलला किक मारत होता. ती गाडी त्याने नवीन घेतली तेव्हा मीच पवित्र पाणी शिंपडून आशीर्वादित केली होती. त्याची किक दोनदा चुकली. मी विचारले, "काय रे?" तो म्हणाला, "काही नाही फादर, दोनच घेतल्यात." मी म्हटले, "जपून जा." इतकेच. किल्ली काढून घेतली असती तर चारचौघांत त्याचा अपमान झाला असता, लग्नाचा बेरंग झाला असता, आणि मला झोपही आली होती.

पंधरा मिनिटांनी त्याने सायकलवरून कामाहून परतणाऱ्या एका कामगाराला धडक दिली. आपला मुलगा खरचटण्यावर निभावला. त्या माणसाचा पाय दोन ठिकाणी मोडला. तो जगला, पण पुन्हा उभ्याने करायच्या कामावर जाऊ शकला नाही. एका खोलीचे बिऱ्हाड, दोन मुले. ते आपल्या धर्माचे नव्हते. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने मला चहा दिला आणि अगदी साधेपणाने विचारले, "फादर, तुम्ही पण तिथंच होतात ना?" तिला कुणीतरी सांगितले होते. मी हो म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही.

आठवड्याने मुलाच्या घरचे आले. न्यायालयात द्यायला पत्र हवे होते, की तो त्या रात्री माझ्याजवळ गायनाच्या सरावाला होता आणि शुद्धीत होता. "फादर, पोराचं आयुष्य आहे." बाप रडत होता, आणि ते रडणे खोटे नव्हते. मी पत्र लिहिले. तो कष्टाळू आहे, आईवडिलांना सांभाळतो, रविवार चुकवत नाही, हे लिहिले. आणि साडेदहाला तो फाटकाशी प्यायलेला होता व मी त्याला अडवले नाही, हेही लिहिले. ते पत्र त्यांनी न्यायालयात दिले नाही. वर्षभर त्या घराने माझ्याशी बोलणे सोडले होते.

तो तरुण पुढे स्वतःहून त्या कामगाराकडे गेला. वर्षभराहून अधिक काळ दर महिन्याला पगारातली काही रक्कम तो नेऊन देत होता. हे सगळे मी त्याला विचारूनच लिहितो आहे.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ या बाबतीत आडपडदा ठेवत नाही. नशेने किंवा वेगाच्या हौसेने जो स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालतो तो गंभीर दोषी आहे, असे तो सांगतो (क्र. २२९०). अपघात झालाच पाहिजे अशी अट तिथे नाही. सुखरूप घरी पोहोचलेल्यालाही ते लागू आहे. २००७ साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा काढल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी गंमत म्हणून छापल्या. त्यातली सहावी अशी की जो गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही, त्याला प्रेमाने समजावून थांबवा. माझ्या "जपून जा"मध्ये ते प्रेम नव्हते, फक्त सौजन्य होते.

कुणी म्हणेल, फादर, प्रभूने कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केलाच ना? प्रत्येक लग्नात मला हे कुणीतरी ऐकवतोच, बहुधा दुसऱ्या ग्लासानंतर. केला, आणि चांगला केला. मी स्वतः रोज वेदीवर द्राक्षारस घेतो. मद्य हे मुळात पाप आहे असे आपली ख्रिस्तसभा शिकवत नाही, मीही शिकवणार नाही. पण कानाचे पाहुणे पायी घरी गेले, फार तर गाढवावरून, आणि गाढव शुद्धीत होते. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याने तोंड धुणे यांनी दारू उतरत नाही. ती उतरवण्याचे काम यकृत करते आणि त्याला तास लागतात. बडीशेप फक्त वास झाकते.

येत्या पंधरवड्यात आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त बरेच आहेत. हळदीच्या रात्रीचे तर सांगायलाच नको. धर्मग्राम समितीशी बोलून मी पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. सभागृह घेणाऱ्या यजमानाने फाटकाशी एक शुद्धीत असलेला, थोडा दांडगा नातेवाईक नेमायचा. किल्ल्या त्याच्याजवळ राहतील. मामा असल्यास उत्तम, मामाला कुणी उलट बोलत नाही. तरुण मंडळातल्या चार मुलांनी सोडायला जाण्याची तयारी दाखवली आहे, त्यांचे फोन नंबर सूचनाफलकावर लावले आहेत. मी स्वतः शेवटची गाडी जाईपर्यंत फाटकाशी उभा राहीन, आणि या वेळी किल्ली मागेन. राग आला तर दुसऱ्या दिवशी येऊन भांडा. कॅटेकिझमच्या वर्गातल्या सतरंज्या सभागृहाच्या मागच्या खोलीत काढून ठेवल्या आहेत. जो थांबेल त्याला सकाळी सातच्या मिस्साआधी चहा मिळेल.

तुमचा,
फादर