रथात शेजारी बसणारा



प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात, यरुशलेमहून गाझाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपल्याला एक रथ दिसतो. रथात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार बसला आहे. त्याच्यापाशी अधिकार आहे, हातात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ आहे. पण वाचलेल्याचा अर्थ लागत नाही. फिलिप धावत जवळ जातो आणि समजते का, असे विचारतो. कोणी समजावून दिल्याखेरीज कसे समजणार, असे तो परदेशी प्रवासी प्रांजळपणे सांगतो आणि फिलिपला वर येऊन शेजारी बसण्याची विनंती करतो. फिलिप त्याला खाली उतरवत नाही. तो स्वतः रथात चढतो.

आज अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांत असे कितीतरी प्रवासी राहतात. झारखंड-छत्तीसगडहून आलेल्या, घरकाम करणाऱ्या आदिवासी भगिनी रविवारी मिस्सेला आपल्याच बाकांवर बसतात. त्यांच्या घरात सादरी, कुडुख, मुंडारी बोलली जाते. औषधाच्या पाकिटावरचे नाव, डॉक्टरांची चिठ्ठी, बँकेचा फॉर्म, मोबाइलवर आलेला निरोप यांपैकी बरेच इंग्रजीत असते. मग मोठ्या माणसाला दर वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. वाचून देणारा सज्जन असला तर ठीक, नसला तर? जिथे सही कर म्हटले तिथे सही केली, एवढ्यावर माणूस कर्जात अडकतो, पगाराला मुकतो.

छोटानागपूरच्या ख्रिस्तसभेला हे दुःख जुने आहे. बेल्जियन येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लीवन्स १८८५ साली तेथे गेले, तेव्हा आदिवासींच्या जमिनी हातच्या जात होत्या, आणि कोर्टाची भाषा व कायदा त्यांना परका होता. फादरांनी लोकांची भाषा शिकली, जमिनीच्या कायद्याचा अभ्यास केला आणि ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. न कळणारा कागद गरिबाचे काय करू शकतो, हे त्यांनी ओळखले होते.

कोणी विचारील, मुंबईत आलेल्यांना आधी मराठी का शिकवू नये? जरूर शिकवावी. पण ज्यांना हिंदी वाचता येते त्यांना देवनागरी ओळखीची असते; मराठी पाटी ते जुळवून वाचतात आणि बोलणे शेजारपाजारी, बाजारात कानावर पडत राहते. औषधाच्या पाकिटावरची इंग्रजी अक्षरे मात्र कोणाशी बोलत नाहीत. जिथे अडते तिथे हात द्यावा.

मोठ्या वयात भाषा शिकणे कमीपणाचे नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले तेव्हा तिशीच्या आसपास होते. सासष्टीच्या लोकांत राहून त्यांनी कोकणी व मराठी आत्मसात केली. त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. आपल्या लोकांनी त्या परक्याला शब्द दिले, म्हणून हा ठेवा आपल्याला लाभला. ते दान आज पुढे द्यायचे आहे.

कसे द्यावे? पहिली गोष्ट, त्यांच्या घरी जावे. दिवसभर चार घरची कामे करून आलेली बाई मूल कोणाकडे ठेवून चर्चच्या सभागृहात येणार? भगिनींनी दोघी-दोघींनी जावे. आठवड्यातून दोन वेळा तासभर पुरे. लहान मुलांचे पुस्तक नेऊ नये. तिचे स्वतःचे नाव, घरचा पत्ता, लोकलचा इंडिकेटर, औषधाचे पाकीट, हाच पहिला धडा. तिच्या मुलांदेखत चूक काढू नये. जी आपल्याच घरी काम करते तिला दुसऱ्या कोणी शिकवावे. मालकासमोर कोणी मोकळेपणी चुकत नाही. तिने दिलेला चहा नाकारू नये, आणि तिच्या भाषेतले दोन शब्द आपणही शिकून घ्यावेत.

सॉक्रेटिस आपल्या कामाची तुलना सुइणीच्या कामाशी करीत असे. शिकणारा म्हणजे रिकामे मडके नव्हे. जिने अर्धा देश ओलांडून या शहरात संसार उभा केला तिला पुष्कळ समजते. आपण तिच्याजवळ फक्त अक्षरे ठेवायची आहेत.

दानधर्म आपण करतोच. पण ज्याला आपण वाचून दाखवतो तो उद्याही आपल्या दारी येतो. ज्याला वाचायला शिकवतो तो मोकळा होतो. आपली गरज संपावी म्हणून शिकवायचे, हे सोपे नाही. उपकार करणाऱ्याला आपले मोठेपण सोडवत नाही.

त्या खजिनदाराची कथा कशी संपते, ते पाहा. फिलिप त्याच्या नजरेआड होतो आणि तो आनंदाने आपल्या वाटेने पुढे जातो. शिकवणारा मागे राहिला, वाट मोकळी झाली.

आपल्यापैकी ज्यांना इंग्रजी वाचता-लिहिता येते, विशेषतः निवृत्त शिक्षक, गृहिणी व कॉलेजचे विद्यार्थी, त्यांनी मिस्सेनंतर आम्हांला भेटावे. ज्यांना शिकायचे आहे त्यांनीही संकोच न करता यावे. प्रभू आपल्याला दुसऱ्याच्या रथात चढण्याची नम्रता देवो. आमेन.