ग्रंथाचे मोल

विद्वानाच्या श्रमाला द्रव्याचे साहाय्य लागते, आणि साहाय्य देणाऱ्याला हिशेब लागतो. येथवर कोणाचाच वाद नाही. वाद उत्पन्न होतो तो हिशेब मांडताना: ग्रंथाची किंमत कोणी व कोणत्या मापाने ठरवावी? हा प्रश्न केवळ प्राध्यापकांच्या बढतीचा आहे असे समजून सुशिक्षित गृहस्थांनी तो दृष्टीआड करू नये. आपल्या मुलांच्या हाती उद्या कोणती पुस्तके पडणार, हे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली केलेल्या नियमांत अध्यापकाच्या संशोधनाला गुण देण्याचे एक कोष्टक आहे. भाषा, इतिहास आदि विषयांतील एका शोधनिबंधास त्यात १० गुण दिले आहेत. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या संपूर्ण ग्रंथासही १०. आणि प्रकाशक आंतरराष्ट्रीय असल्यास १२. म्हणजे पंधरा पृष्ठांचा निबंध आणि दहा वर्षांच्या तपश्चर्येचा ग्रंथ या तराजूत समतोल ठरतात, आणि जे दोन गुण अधिक मिळावयाचे ते विचाराच्या खोलीसाठी नव्हेत, प्रकाशकाच्या पत्त्यासाठी.

या मापाने एक थोर ग्रंथ मोजून पाहावा. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केले. १९६३ साली काणे यांस भारतरत्न हा सन्मान मिळाला. कोष्टकाप्रमाणे या पाच खंडांचे गुण होतात ५०, अर्थात पाच निबंधांइतके. त्याच नियमांत सहयोगी प्राध्यापकाच्या पदास ७५ आणि प्राध्यापकाच्या पदास १२० गुण आवश्यक ठरविले आहेत. तेव्हा केवळ या ग्रंथाच्या बळावर उमेदवारी करणारा मनुष्य पहिल्याच दाराशी अडला असता!

निबंध आणि ग्रंथ यांत उच्चनीचभाव कल्पिण्याचा आमचा हेतू नाही. दोहोंचे कार्य भिन्न आहे, इतकेच. आमच्या चामटोलीच्या शेजारचे अंबरनाथचे शिवालय घ्या. तेथील शिलालेखातील शक प्रथम ७८२ असा वाचला गेला. पुढे तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचे ठरले. एका अंकाच्या दुरुस्तीने देवालय दोनशे वर्षे अलीकडे आले. असली दुरुस्ती निबंधाने होते आणि ती मोलाची असते. परंतु ज्यांच्या राज्यात हे शिवालय उभे राहिले ते शिलाहार कोण, उत्तर कोकण, दक्षिण कोकण व कोल्हापूर येथील त्यांच्या शाखांचा परस्परसंबंध काय, हे एकत्र पाहावयाचे तर ग्रंथच हवा. वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादिलेला शिलाहारांच्या कोरीव लेखांचा खंड १९७७ साली निघाला. विखुरलेले लेख एका दृष्टीखाली आले म्हणूनच बदलापूर-उल्हासनगरकडील एखाद्या विद्यार्थ्यालाही आज आपल्या परिसराचा पूर्वेतिहास शोधण्यास वाट सापडते.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. जेथे निवड केवळ मतावर सोपविली जाते तेथे वशिला शिरतो. अंक निदान कोणाचे तोंड पाहत नाही. शिवाय ग्रंथाचे गुण वाढविले तर पदरचे पैसे देऊन छापलेल्या निःसत्त्व पुस्तकांचाच पूर येईल. ही दुसरी भीती आम्हांस विशेष खरी वाटते. नॉर्वेच्या अनुदानपद्धतीत सामान्य श्रेणीत निबंधास १ व ग्रंथास ५ गुण, तर वरच्या श्रेणीत अनुक्रमे ३ व ८ गुण ठेविले होते. ते माप उदार खरे, पण मोजणी तेथेही प्रकाशकाच्या श्रेणीवरूनच. ब्रिटनमधील २०२१ च्या संशोधनपरीक्षणात मोठ्या ग्रंथास दोन कृतींइतके वजन मागण्याची मुभा होती. मात्र तेथे कृतीची प्रत तज्ज्ञांच्या मंडळाने पाहून ठरवावयाची होती. आमच्या मते खरा भेद येथे आहे.

न्यायालयातही पक्षपाताचे भय असतेच. म्हणून कोणी कागदपत्रे तागडीत घालून निकाल देण्याची सूचना करीत नाही. न्यायाधीशाने पुरावा वाचावा, निकालाची कारणे लेखी द्यावीत, आणि त्यावर अपिलाची सोय असावी, असाच उपाय आपण मान्य केला आहे. ग्रंथालाही हाच न्याय का लागू नये? अध्यापकाकडून तीस कृतींची यादी न मागता त्याच्या निवडीच्या तीनच मागवाव्यात. त्या त्या भाषेच्या व विषयाच्या जाणकारांनी त्या समग्र वाचाव्यात. आणि आपला अभिप्राय कारणांसह, स्वाक्षरीनिशी द्यावा. यास वेळ व पैसा लागेल. परंतु ज्याला ग्रंथ वाचण्यास सवड नाही, त्याने त्याचे मोल ठरविण्याचा अधिकार कोणत्या तोंडाने सांगावा?

तोवर मात्र एक अन्याय चालू राहतो. मराठीत मोठा ग्रंथ लिहू इच्छिणाऱ्या तरुण अध्यापकापुढे दोनच वाटा उरतात: ग्रंथाचे तुकडे करून निबंध छापावेत, किंवा बढतीचा नाद सोडावा. घरी मुलेमाणसे असलेल्या गृहस्थाला दुसरी वाट धर म्हणून सांगणे सोपे आहे, पण तो उपदेश आम्ही करणार नाही. त्यागाचा बोजा त्याच्या शिरावर घालण्यापूर्वी, ज्यांच्या हाती तराजू आहे त्यांनी वाचण्याचे कष्ट आपल्या शिरावर घ्यावेत, हेच न्यायाचे होय.