उपस्थात्याचा पहिला गुण



चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ उभा राहून त्याची शुश्रूषा करणारा. आज आपण ज्यांना सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉय, आया, मावशी म्हणतो, ते सर्व या एका शब्दात सामावतात. चार पायांच्या खाटेचा एक पाय मोडला तर खाट उभी राहत नाही, हे सांगणे नलगे. प्रत्येक पादाचे चार चार गुण आचार्यांनी दिले आहेत. उपस्थात्याचे गुण कोणते? उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच.

सेवा म्हटली की आपल्याला आधी अनुराग आठवतो. प्रेम असले की सारे काही आले, असे आपण धरून चालतो. आचार्यांनी मात्र प्रेमाला तिसरे स्थान दिले आणि जाणण्याला पहिले. छंद जुळविण्यासाठी क्रम तसा आला असे कोणी म्हणेल. म्हणो. परंतु साथीच्या दिवसांत हा क्रम किती खरा ठरतो, हे आपण थोडे पाहू.

नेहमीच्या रोगांचे ज्ञान परिचारिकेला तिच्या शिक्षणात मिळते. साथ नवी असली की ते शिक्षण अपुरे पडते. रोग कशाने पसरतो, श्वासाने की स्पर्शाने; रोग्याच्या किती जवळ जावे; कोणता मास्क पुरेसा आहे; हे तिला कोणीतरी वेळेवर सांगावे लागते. म्हणजे तिची उपचारज्ञता हा आता केवळ तिचा गुण राहत नाही. ती सांगणाऱ्याची जबाबदारी होते.

याचा एक दृष्टांत कॅनडा देशात २००३ साली घडला. सार्स नावाचा श्वसनरोग तेव्हा चीनमधून हाँगकाँगला आणि हाँगकाँगच्या एका हॉटेलातून जगभर गेला होता. ७ मार्च या एकाच दिवशी त्या देशातील दोन शहरांत, व्हँकुव्हर आणि टोरांटो येथे, एकेक रोगी रुग्णालयात आला. दोघांच्या रोगाचे मूळ ते एकच हॉटेल. रोगाला अजून नावही मिळालेले नव्हते.

व्हँकुव्हरच्या प्रांतातील रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारीतच रुग्णालयांना कळवून ठेवले होते की, त्या बाजूने आलेला, ताप आणि दम लागणारा रोगी दिसला तर सावध राहा. त्यामुळे तेथील कर्मचाऱ्यांनी काही मिनिटांतच त्याला वेगळ्या खोलीत नेले आणि पूर्ण संरक्षण घालूनच ते जवळ गेले. त्याच्यापासून रुग्णालयात कोणालाही लागण झाली नाही. टोरांटोचा रोगी मात्र तातडीच्या विभागात रात्रभर इतर रोग्यांच्या शेजारी राहिला, मध्ये फक्त पडदा. श्वास मोकळा व्हावा म्हणून त्याला औषधाची वाफ दिली गेली. अशा वाफेमुळे रोग्याच्या श्वासातील सूक्ष्म कण हवेत दूरवर जातात, पण हा रोग कोणता हेच जेथे माहीत नाही तेथे कोण कोणाला थांबविणार? शेजारच्या खाटांवरील रोगी, मग परिचारिका, मग त्यांच्या घरची माणसे, अशी साखळी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे कॅनडातील २५१ संभाव्य रुग्णांपैकी १०९ जण आरोग्यसेवकच होते. टोरांटोत दोन परिचारिका व एक डॉक्टर या रोगाने गेले.

यात काही भाग दैवाचाही होता, हे कबूल केले पाहिजे. व्हँकुव्हरचा रोगी स्वतः हाँगकाँगहून आलेला होता. टोरांटोच्या रोग्याने प्रवास केलेला नव्हता. त्याची आई तेथे जाऊन आली होती आणि दोनच दिवसांपूर्वी घरी वारली होती. परंतु टोरांटोच्या परिचारिकांमध्ये दाक्ष्य नव्हते की अनुराग नव्हता? दोन्ही होते. त्यांना सांगितलेले नव्हते, एवढाच फरक.

याहून मनाला लागणारी गोष्ट पुढची आहे. १४ मे रोजी टोरांटोचे नाव बाधित शहरांच्या यादीतून निघाले. सर्वांना हायसे वाटले, संरक्षणाचे नियम सैल झाले. एका रुग्णालयातील परिचारिका मात्र सांगत होत्या की, आमच्या वॉर्डात पुन्हा तसेच रोगी दिसत आहेत. त्यांचे म्हणणे मनावर घेतले गेले नाही. २३ मे रोजी साथ परतल्याचे जाहीर करावे लागले. पुढे न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. २००७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अंतिम अहवालाचे सार असे की, सेवकांचे रक्षण करण्यासाठी शास्त्राच्या पूर्ण खात्रीची वाट पाहत बसू नये. धोका असण्यास वाजवी कारण दिसले की रक्षण आधी करावे.

शरणपरंपरेत वाढलेल्या वाचकाला येथे अनुभवमंटप आठवल्यावाचून राहणार नाही. त्या सभेत अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी होते आणि समोर नावाडी चौडय्या, परीट माचिदेव, दोर वळणारा चंदय्या बसत होते. वैद्य संगण्णाही त्या शरणमेळ्यातलेच. ज्याचे जे कायक, त्याला त्या कायकाविषयी बोलण्याचा अधिकार होता. आयदक्की लक्कम्मा ही तांदळाचे दाणे वेचणाऱ्या मारय्याची पत्नी. पतीने गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले तेव्हा तिने त्याला विचारले आणि परत ठेवून यायला लावले. तिचे बोलणे उद्धटपणा ठरले नाही, शरणांनी ते आदराने जपले. वॉर्डातील सिस्टर जेव्हा म्हणते की काहीतरी बिनसले आहे, तेव्हा ती आपल्या कायकाविषयीच बोलत असते.

फार दूरचे उदाहरण दिले असे वाटत असेल तर केरळकडे पाहा. २०१८ च्या मे महिन्यात कोळिकोड जिल्ह्यातील पेरांब्रा तालुका रुग्णालयात लिनी नावाच्या परिचारिकेने एका तापाच्या रोग्याची शुश्रूषा केली. तो ताप निपाह विषाणूचा आहे हे तेव्हा तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रोगाचे निदान पक्के केले, तोवर लिनी अंथरुणाला खिळली होती. २१ मे रोजी ती गेली. पतीला लिहिलेली तिची चिठ्ठी देशभर वाचली गेली. पुढच्या वर्षी, २०१९ च्या जूनमध्ये, एर्नाकुलम जिल्ह्यात तोच रोग एका विद्यार्थ्याला झाला. या वेळी रुग्णालये जागी होती. तो मुलगा बरा झाला आणि दुसऱ्या कोणाला लागण झाली नाही. चिठ्ठी वाचून आपण सर्व रडलो. दुसरी हकिकत मात्र फारशी कोणाच्या लक्षात नाही.

कोविडच्या वेळी आपण काय केले? २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी थाळ्या वाजविल्या. त्यात भाव होता, त्याला नावे ठेवू नयेत. पण त्याच दिवसांत काही ठिकाणी घरमालकांनी परिचारिकांना खोली सोडायला सांगितले आणि डॉक्टरांवर हात उगारले गेले. शेवटी एप्रिलमध्ये सरकारला १८९७ च्या साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करून अशा हल्ल्यांना अजामीनपात्र गुन्हा ठरवावे लागले. गॅलरीतून देवी म्हणायचे आणि जिन्यात दिसली की दार लावायचे, याला दासोह म्हणत नाहीत. दासोहात पंगतीला बसलेल्याच्या पानात पदार्थ पडावा लागतो.

येथे चरकाचार्यांचा आणखी एक शब्द उपयोगी पडतो. द्रव्याचा पहिला गुण त्यांनी ‘बहुता’ सांगितला आहे, म्हणजे ते भरपूर असावे. मास्क हेही आज द्रव्यच. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. कडेने हवा शिरत असेल तर तो नुसता देखावा होतो. (आमच्यासारख्या दाढीवाल्यांना तो बसतच नाही, म्हणून रुग्णालयात साधूंनाही दाढीचा मोह सोडावा लागेल.) संरक्षक पोशाख घालताना जितकी काळजी घ्यावी, त्याहून अधिक तो काढताना घ्यावी लागते, कारण बाहेरच्या बाजूला लागलेले विष हाताला लागते ते तेव्हाच. हे कागदावर वाचून येत नाही. कोणीतरी समोर उभे राहून करवून घ्यावे लागते, आणि रात्रपाळीच्या आयाकडूनही करवून घ्यावे लागते.

आता भाषेविषयी. आमचे शिक्षण संस्कृतात झाले, त्या भाषेवर आमचे प्रेम आहे. तरीही शरणांनी संस्कृत बाजूला ठेवून लोकांच्या कन्नडमध्ये का सांगितले, हे साथीत लख्ख कळते. आमच्या या सीमाभागात वॉर्डातील मावशीला मराठी वाचता येते किंवा कन्नड, क्वचित दोन्ही. परिपत्रक मात्र इंग्रजीत निघते आणि मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर डकवले जाते. रोग्याच्या चादरी धुणाऱ्या परटाला, कचऱ्याची पिवळी पिशवी उचलणाऱ्याला ते कोण वाचून दाखविणार? लसीच्या बाबतीत आपल्या देशाने एक गोष्ट चांगली केली. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये पहिली लस एका सफाई कामगाराला दिली गेली. लसीत जो क्रम पाळला, तो माहितीत का पाळू नये?

मठांची आणि धर्मादाय संस्थांची रुग्णालये आपल्या भागात थोडी नाहीत. त्यांच्या विश्वस्तांमध्ये या मासिकाचे वाचक आहेत, हे आम्ही जाणतो. पुढच्या बैठकीत रंगकामाचा आणि कमानीचा विषय संपला की, त्यांनी एवढे विचारावे : भांडारात किती दिवसांचे मास्क आहेत? ठेकेदाराच्या माणसांना ते मिळतात का? नवी सूचना आली तर रात्रपाळीला ती कोण सांगतो, आणि कोणत्या भाषेत? आणि एखाद्या आयाने धोका दाखवून दिला, तर तिची नोकरी शाबूत राहील असे कोणी लेखी दिले आहे काय? या शेवटच्या प्रश्नावर बैठकीत शांतता पसरेल. ती पसरू द्यावी, पण उत्तर घेऊनच उठावे.

उरला चौथा पाद, रोगी, म्हणजे आपण सर्व. रोग्याच्या गुणांत आचार्यांनी ‘ज्ञापकत्व’ सांगितले आहे : आपल्या रोगाची हकिकत नीट सांगता येणे. साथीत आपण हाच गुण टाकून देतो. घरावर फलक लागेल, शेजारी बोलतील, म्हणून २०२० साली कित्येकांनी ताप लपविला, प्रवास लपविला, आणि ज्या सिस्टरने विश्वासाने नाडी धरली तिच्या घरी रोग पाठविला. तेव्हा रुग्णालयाच्या खिडकीशी पोहोचलात की नाव-गाव विचारण्याची वाट न पाहता मास्क लावून आधी हे सांगा : ताप किती दिवसांचा आहे, खोकला-दम आहे का, पंधरवड्यात मी कोठे गेलो होतो, घरात बाहेरगावाहून कोण आले, आणि आमच्यापैकी अलीकडे कोणी तापाने गेले आहे का. टोरांटोच्या त्या मुलासारखी तुमचीही आई नुकतीच वारली असेल, सांगताना कंठ दाटेल. तरीही सांगा, कारण तुम्हाला कोठे बसवायचे आणि तुमच्याजवळ काय घालून यायचे, हे खिडकीपलीकडची ती मुलगी तुमच्या त्या उत्तरावरून ठरविणार आहे.