पाहुण्याची इच्छा

मनुस्मृतीने अतिथीची व्याख्या मोठी मार्मिक केली आहे. ज्याचे राहणे अनित्य, जो एकच रात्र थांबतो, तो अतिथी. त्याचा सत्कार गृहस्थाने कसा करावा हे तेथे विस्ताराने सांगितले आहे. आणि दुसऱ्याच्या अन्नाची चटक लागून जो वारंवार पाहुणचार उकळतो, तो पुढील जन्मी त्या अन्नदात्याच्या घरचा पशू होतो, अशी दटावणीही दिली आहे. पाहुण्याच्या जिभेची मर्यादा अशी आखली गेली. डोळ्यांची मात्र राहून गेली. यजमानाच्या अन्नाची हाव धरू नये हे खरे. परंतु त्याचे घर, त्याचे गाव, त्याची जगण्याची रीत आज आहे तशीच उद्या राहावी, अशी इच्छा धरण्याचा अधिकार पाहुण्यास आहे काय?

बदलीच्या नोकरीत ज्यांची उमेद गेली अशा आम्हा मंडळींना हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये राहून आम्ही ज्या महाराष्ट्राची आठवण काढतो, तो बहुतेक वेळा कोणातरी स्नेह्याच्या गावचा महाराष्ट्र असतो. माझ्यापुरता तो बारी या गावचा आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या अगदी पायथ्याशी हे गाव वसले आहे. शिखराची उंची १६४६ मीटर. आल्प्सच्या मानाने ही टेकडीच म्हणावयाची; पण महाराष्ट्राजवळ याहून उंच काही नाही. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. आमचे एक जुने सहकारी येथले, आणि त्यांच्या घरी जाणे हा माझ्या रजेचा ठरलेला भाग.

तेथील दिवस कसा जातो हे सांगितल्यावाचून प्रश्नाचे गांभीर्य कळावयाचे नाही. उन्हाळा संपत आला की उतारावरच्या तुकड्यांत राब भाजतात. शेण, पालापाचोळा, डहाळ्या यांचे थर रचून ते पेटवून द्यावयाचे, म्हणजे तणाचे बी जळते आणि राखेचे खत होते. पावसाच्या सरी आल्या की त्याच जागी भात, नाचणी, वरई यांची रोपे करावयाची. मग चिखलणी, मग गुडघाभर पाण्यात वाकून आवणी. पाऊस असा की समोरचा डोंगर कित्येक दिवस दिसत नाही. आणि इतके पाणी कोसळूनही काळ्या कातळाच्या उतारावर ते थांबत नसल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत या भागातील कित्येक वाड्यांवर बायकांना हंड्यासाठी पायपीट करावी लागते. जवळच भंडारदऱ्याला प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण आहे. त्याच्या पाण्याने खाली पठारावर ऊस उभा राहिला. धरणाकाठची वाडी तहानेली आणि दूरवरचा मळा हिरवा, ही गोष्ट अर्थशास्त्राला सरळ वाटते. मला ती कधीच सरळ वाटली नाही.

अशा गावी पाहुणा जातो तेव्हा त्याला काय दिसते? शेणाने सारवलेली पडवी, चुलीवर फुगणारी नाचणीची भाकरी, दारात बांधलेली गुरे, मृगाच्या आधी झाडांवर लुकलुकणारे काजवे. हे सारे खरे आहे, आणि सुंदरही आहे. दोष पाहण्यात नाही. तो सुरू होतो त्याच्या पुढच्या वाक्याने: "हे असेच राहिले पाहिजे." आमच्या स्नेह्यांनी कौले उतरवून पत्रा घातला, तेव्हा सोबतच्या एका गृहस्थांनी मोठी हळहळ व्यक्त केली. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "भाऊ, कौलं लई छान दिसत्यात. मंग दरसाली जेष्ठात शाकारणीला येत जा." त्या गृहस्थांनी विषय बदलला.

माझ्या मते वहिनींच्या त्या वाक्यात प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. जी वस्तू टिकावी असे मला वाटते, तिच्या टिकण्याचे कष्ट दुसऱ्याने करावयाचे असतील, तर माझे वाटणे हे प्रेम नसून फर्मान आहे. आणि ज्याचे स्वतःचे राहणे अनित्य, त्याने यजमानाला मात्र नित्य करून ठेवावे, ही तर व्याख्येचीच थट्टा झाली.

हा पेच आपल्यापुरता नाही. स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात लाकडी कोठारे दगडी चकत्यांवर उभी केलेली असतात. उंदरांना वर चढता येऊ नये, एवढाच त्यातला हेतू. आज लोक दुरून येऊन त्यांची चित्रे घेतात. तेथे बाहेरच्यांनी हौसेखातर बांधलेली आणि वर्षातील बहुतेक काळ बंद असणारी घरे इतकी वाढली की, कोणत्याही गावात अशी घरे पाचांत एकाहून अधिक नसावीत, असा प्रस्ताव ११ मार्च २०१२ रोजी लोकमताला टाकण्यात आला. तो निसटत्या बहुमताने मंजूर झाला. परंतु व्हॅले, ग्राउब्युंडेन या डोंगराळ प्रांतांनी मात्र त्याच्या विरुद्ध मत दिले! डोंगर निर्मळ राहावेत ही इच्छा पुष्कळशी खालच्या लोकांची होती; वरच्यांना बांधकामावर मिळणारी मजुरी हवी होती. कोणाचे चुकले? बंद खिडक्यांचे गाव हे गावच नव्हे, हे मला पटते. तथापि ते ठरवण्याचा पहिला मान कोणाचा, याविषयी माझे मन डोंगरवाल्यांच्या बाजूला झुकते.

यावर कोणी म्हणेल की, मग परंपरा मरू द्यावी काय? याच अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण पाहावे. गावठी वाणांचे बियाणे त्यांनी जपले, त्याची बँक उभी केली, आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. हे जतन पाहुण्यांच्या हळहळीतून झालेले नाही. जिला ते बी पेरावयाचे होते आणि ज्याचे अन्न घरच्यांना खावयाचे होते, तिने ते केले. काय ठेवावे आणि काय टाकावे याची निवड तिची होती. पत्रा घालणे ही वहिनींची निवड, वालाचे गावठी बी गाडग्यात राखेत ठेवणे हीही त्यांचीच. पहिलीचे दुःख आणि दुसरीचे कौतुक करणारा पाहुणा दोन्ही वेळा आपल्याच डोळ्यांची सोय पाहत असतो.

आणखी एक गोष्ट बोलावयाची राहते, आणि ती आपल्याला जरा झोंबणारी आहे. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या नावांवरून ज्याचे नाव पडले तो आमचा लेआउट काही माळरानावर आपोआप उगवला नाही. आगर, सोमसुंदरपाळ्य, मंगम्मनपाळ्य ही गावे येथे आधीपासून होती. बंगळूर विकास प्राधिकरणाने भूसंपादन करून आखणी केली, सेक्टर पाडले, तीस बाय चाळीसचे भूखंड वाटले. आगरचे जुने तळे अजून आहे. सकाळी आम्ही त्याच्या कडेने फिरावयास जातो. तळ्याखाली शेती असते हे मात्र आता कोणाला आठवत नाही. एक गाव मोडून झालेल्या वसाहतीत राहावे आणि चारदोनशे कोसांवरचे दुसरे गाव जसेच्या तसे राहावे म्हणून हळहळावे, हा हिशेब जुळावयाचा कसा?

आमचे स्नेही गेल्या साली लेकीच्या प्रवेशासाठी चार दिवस आमच्याकडे उतरले होते. फाटकावर पहारेकऱ्याने वहीत नाव, येण्याची वेळ, कोणाकडे, किती दिवस, सारे लिहून घेतले; बारीच्या पडवीवर असली वही अजून कोणी ठेवलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना तळ्यावर नेले. बांधावर उभे राहून ते बराच वेळ खाली, इमारतींकडे पाहत होते. मग त्यांनी विचारले, "याच्या खाली भात व्हत असंल न्हाई? कोणाची व्हती वावरं?" मी इतकी वर्षे तेथे फिरतो आहे. आम्ही परत येताना देवळाजवळ एका वृद्ध आगरकराला थांबवले आणि माझ्या मोडक्या कानडीत तोच प्रश्न त्याला घातला. तो कट्ट्यावर बसला, आम्हालाही त्याने बसावयास सांगितले, आणि हाताने दिशा दाखवीत एकेक वावर मालकाच्या नावानिशी मोजू लागला.